पाणबुड्याची नापास होण्याची तयारी

तब्येतीच्या तपासणीची तारीख लागली की पाणीखात्यातली माणसं एकाएकी सुधारतात. एरवी एक जिना चढून भिंत धरणारा कारकून पहाटे फिरायला जाऊ लागतो. वायरमन तंबाखू सोडतो. भांडारवाला डब्यातलं तळलेलं काही दिसलं की झाकण लावून ते शेजाऱ्याकडे सरकवतो. तपासणी उरकली की त्याच संध्याकाळी सगळे आपापल्या मूळ पदावर येतात, तो भाग वेगळा. पण पास व्हायचं असतं प्रत्येकाला. या सगळ्या खटाटोपात नापास होण्यासाठी जिवाचं रान करणारा माणूस एकच होता, आणि दरवर्षी तो पहिल्या नंबराने पास होत होता.

त्याला सगळे पाणबुड्या म्हणत.

त्याचं काम असं. शहराला पाणी देणाऱ्या तलावाच्या काठावर एक दगडी विहीर आहे. विहिरीच्या तळाशी, भिंतीतल्या खाचेत उभी बसवलेली लोखंडी जाळी. तलावातलं पाणी त्या जाळीतून विहिरीत येतं आणि तिथून पंप ते वर ओढतात. तलावाला मात्र पाण्याखेरीजही पुष्कळ काही द्यायचं असतं. शेवाळ, फांद्या, पोती, चपला, एकदा तर अख्खी गादी. हे सगळं येऊन जाळीला बिलगतं. मग पंपाचा घसा बसतो, पंपघराच्या दारात साहेब येतात आणि ओरडतात, "अरे, पाणबुड्याला बोलवा!" पंप बंद होतो. पाणबुड्या कमरेला दोर बांधतो, हातात आकडा घेतो, छाती भरून एक श्वास घेतो आणि त्या एका श्वासावर खाली जातो. जमेल तेवढं ओरबाडून वर येतो, पुन्हा श्वास घेतो, पुन्हा जातो.

खात्याने एकदा हवेची टाकी आणली होती, नाही असं नाही. पण ती पाठीला बांधली की माणूस भिंत आणि जाळी यांच्यामधल्या फटीत शिरेना. तेव्हापासून ती भांडारात खुंटीला लटकली आहे आणि भांडारवाला तिच्यावर आपली छत्री अडकवतो.

पाणबुड्याला टाकीची गरजही कधी पडली नाही. तो खाली गेला की वरच्या नव्या माणसाचा धीर सुटायचा. "अहो, मेला का तो?" असं विचारून लोक कासावीस व्हायचे, तेव्हा दोर धरणारा दोरवाला शांतपणे कान खाजवत असायचा. दोराला एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ओढ. एवढीच त्या दोघांची भाषा, आणि त्या भाषेत त्यांनी उभी नोकरी काढली होती.

या अंगच्या करामतीने पाणबुड्याला मिळालं काय, तर नातेवाइकांत नाव. चार पाहुणे जमले की मेहुण्याला चेव यायचा. "भावजी, दाखवा ना जरा! अहो, हे आमचे भावजी, माणूस नाहीत, मासा आहेत मासा." मग भावजींनी तोंड मिटून, नाक दाबून खुर्चीत बसायचं आणि पोरांनी मोठ्याने अंक म्हणायचे. अंक म्हणता म्हणता पोरं कंटाळून खेळायला निघून जायची. भावजी तसेच बसलेले.

तर हा मासा आता दमला होता.

दमला होता म्हणजे धाप लागत नव्हती. धाप लागली असती तर प्रश्नच मिटला असता. त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालत होती, हातपाय शाबूत होते. पण विहिरीच्या पायऱ्या उतरताना पहिली ओली पायरी आली की त्याला वाटायचं, पुरे. भीती नव्हती, आळसही नव्हता. खालचा तो हिरवट अंधार, कानातला दाब, बोटांना लागणारी बुळबुळ, हे सगळं त्याने इतक्या वेळा केलं होतं की आता ते करताना तो तिथे नसायचाच. शरीर आपलं आपलं काम करून वर यायचं, आणि तो कुठेतरी बाजूला उभा राहून त्याची वाट बघायचा.

पंपघरात एक खुर्ची होती. गादी फाटलेली, एक हात मोडलेला. तिच्यात बसून समोरचा काटा बघायचा, काटा खाली आला की कळ दाबायची, एवढंच काम. खात्याची जुनी पद्धत अशी की ही खुर्ची अंगमेहनतीला नालायक ठरलेल्या माणसाला मिळते. आणि खुर्चीतला माणूस या महिन्यात निवृत्त होणार होता. पाणबुड्याला यंदा काहीही करून नापास व्हायचं होतं ते यासाठी. ही संधी गेली तर खुर्चीत जो कोणी बसेल तो पाणबुड्याच्या निवृत्तीपर्यंत उठणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"या वेळी तरी एखादा आजार काढा," बायको म्हणाली. "समोरच्यांनी नुसत्या पाठदुखीवर बदली मिळवली."

"माझी पाठ दुखत नाही."

"मग दुखते म्हणा. तोंड आहे ना?"

"म्हटलं होतं गेल्या वर्षी. डॉक्टर म्हणाले वाका. मी वाकलो तर कपाळ गुडघ्याला लागलं."

बायकोने पोळपाटावरचा हात थांबवला. "कमालच आहे बाई. तुमचं शरीर म्हणजे तुमच्या थोरल्या बहिणीसारखं आहे. नको तिथे, नको तेव्हा, अगदी ठणठणीत हजर."

दोरवाल्याने वेगळा मार्ग सांगितला. "आदल्या रात्री जागरण कर. जिने चढउतार कर. मग बघ दाब कसा वर जातो. माझा तर नुसता विचार केला तरी जातो."

दोरवाल्याची गोष्टच निराळी होती. साखर, दाब, गुडघे आणि डाव्या कानात अखंड शिट्टी. त्याच्या अंगात आजारांनी भाडेकरूंसारखं बिऱ्हाड थाटलं होतं आणि तो घरमालक असून कोपऱ्यात पथारी टाकून राहत होता. त्याला मात्र तपासणीत पास व्हायचं होतं. नालायक ठरलेल्या माणसाला बायको घरात किंमत देत नाही, असं त्याचं म्हणणं.

पाणबुड्याने सल्ला मनावर घेतला. जागरणाला म्हणून भिंतीला टेकून बसला, तो तसाच बसल्या बसल्या झोपून सकाळी ताजातवाना उठला. मग दवाखान्याच्या इमारतीत सगळ्यांच्या आधी पोचून त्याने जिने चढायला सुरुवात केली. वर, खाली, वर, खाली. घाम आला. धाप म्हणून नाही. झाडूवाली बाई केर भरता भरता म्हणाली, "दादा, काही हरवलंय का तुमचं?"

"हरवत नाहीये, हीच तर पंचाईत आहे," तो म्हणाला आणि हताश होऊन व्हरांड्यातल्या नळाखाली रुमाल भिजवायला गेला. नळाचं पाणी बर्फासारखं होतं. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं.

ईसीजीच्या खोलीत उकडत होतं. त्याने पलंगावर पडल्या पडल्या तो गार ओला रुमाल कपाळापासून गालांपर्यंत पसरला. सिस्टरने छातीला वायरी लावल्या आणि सवयीने म्हणाली, "आता अजिबात हलू नका."

इथे जे झालं ते पाणीखात्याच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. त्याला 'हलू नकोस' हे शब्द आयुष्यात एकाच जागी ऐकायची सवय होती. पायरीवर उभं असताना, कमरेचा दोर आवळताना, दोरवाला ते म्हणायचा. त्यानंतर एकच गोष्ट करायची असते. पाणबुड्याने छाती भरून श्वास घेतला आणि तोंड मिटलं.

यंत्र टिकटिकत होतं. मग ते जरा रेंगाळलं. मग दोन टिकटिकींमध्ये एवढं अंतर पडलं की सिस्टरने यंत्राला चापट मारून पाहिली.

"काका?"

काका गप्प. पाण्याखाली कोणी बोलत नसतं.

"अहो काका! ऐकू येतंय का? काका!" तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून पळत गेला. "डॉक्टरबाई, लवकर या हो! काकांचं हृदय थांबायला लागलंय!"

रुमालाखाली पाणबुड्याने हे ऐकलं आणि त्याच्या मनात लख्ख उजेड पडला. आलं! शेवटी काहीतरी बिघडलं! त्याला ती फाटक्या गादीची खुर्ची दिसली. समोरचा काटा दिसला. खिडकीतून येणारं ऊन थेट मांडीवर पडलेलं दिसलं. आजवर कोणाचं हृदय बंद पडतंय म्हणून कोणी इतकं सुखावलं नसेल.

डॉक्टरबाई धावतच आल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरचा रुमाल उचलला.

"श्वास का रोखून धरलाय?"

पाणबुड्याने श्वास सोडला. यंत्र लगेच पूर्वीसारखं चालायला लागलं. "सिस्टर म्हणाल्या हलू नका."

"हलू नका म्हणजे श्वास घेऊ नका असं नव्हे!"

"आमच्याकडे तसंच असतं, बाई."

बाईंनी त्याचं काम विचारलं. त्याने सांगितलं. बाईंचे डोळे चमकले. अशी चमक त्याने मेहुण्याच्या डोळ्यांत पुष्कळदा पाहिली होती. पुढच्या काही मिनिटांत एक टब आला, त्यात गार पाणी आलं, शेजारच्या खोलीतले दोन डॉक्टर आले, आपली पाळी सोडून दोरवालाही दारात येऊन उभा राहिला. वायरी लावलेल्या पाणबुड्याने टबात तोंड बुडवलं आणि सगळे यंत्राभोवती जमले.

"बघा, बघा कसं मंदावलं! आता बोटं बघा त्यांची, गार पडली आहेत. हातापायांचं रक्त आत ओढून घेतलंय, हृदयाला आणि मेंदूला पुरवायला." बाई त्याच्या भिजलेल्या डोक्यावरून बोलत होत्या. "थंड समुद्रात सील नावाचा प्राणी असतो, तो असंच करतो. पोटात डाव्या बाजूला पाणथरी, म्हणजे प्लीहा असते ना, तीसुद्धा आक्रसते आणि साठवलेलं रक्त सोडते. थोडंफार हे प्रत्येकात असतं हं, तान्ह्या बाळातसुद्धा. पण यांच्यात काय मुरलंय!"

दोरवाल्याला राहवेना. "आमच्या विहिरीत एक कासव आहे, बाई. ते तर वर येतच नाही. बसलं की बसलंच."

"काही जातींची कासवं गार पाण्यात मागच्या बाजूनेही श्वास घेतात."

"मागच्या म्हणजे?"

"मागच्या म्हणजे मागच्या."

दोरवाल्याने थोडा विचार केला आणि टबातून डोकं वर काढणाऱ्या मित्राला म्हणाला, "लेका, तुझं तेही एकदा तपासून घे."

खोली हसली. पाणबुड्या तोंड पुसत उभा राहिला. "मग बाई, मी नालायक ना?"

"नालायक? अहो, तुम्ही अजून कितीतरी वर्षं सहज उतराल."

दोघे डॉक्टर त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. दोरवाला आपल्या पाळीला गेला. पाणबुड्या तिथेच उभा.

"बाई, मी दमलोय."

"धाप लागते?"

"नाही."

"छातीत दुखतं? चक्कर?"

"नाही."

"झोप?"

"लागते."

"मग दमलोय म्हणजे नेमकं काय होतं?"

बाई चांगल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं, घाई केली नाही. पाणबुड्याने सांगण्यासाठी तोंड उघडलं. पण ज्या माणसाने दोराच्या दोन हिसक्यांत आयुष्य काढलं त्याला तिसरा हिसका कसा द्यायचा ते कुठून ठाऊक असणार? ती पहिली ओली पायरी, ते बाजूला उभं राहणं, यातलं काहीच ओठांपर्यंत येईना. त्याने तोंड पुन्हा मिटलं.

"मी जे जे मोजू शकते ते सगळं उत्तम आहे," बाई हळूच म्हणाल्या. "उरलेलं तुम्हालाच तुमच्या साहेबांना सांगावं लागेल."

त्या दिवशी पाणीखात्यातला एकच माणूस नालायक ठरला. दोरवाला.

बाहेर चहाच्या टपरीवर दोघे बसले. दोरवाला बशीत चहा ओतत होता आणि चहा बशीपेक्षा बाकावर जास्त सांडत होता.

"तू म्हणालास तर मी खुर्ची नको म्हणतो," तो म्हणाला. "आपला दोर चालू ठेवतो."

"मग म्हण की."

दोरवाल्याने बशीत आणखी चहा ओतला. "एक सांगू? शिव्या देऊ नकोस. मागच्या खेपेला तू दोन हिसके दिलेस ना? मला एकच कळला. बोटांना काही कळतच नाही रे आताशा. सुन्न पडलीत. तू दुसऱ्यांदा दिलेस तेव्हा ओढलं मी. पास व्हायचं म्हणत होतो, पण आज बाईंनी बोटं तपासली तेव्हा खरं ते सांगून टाकलं."

पाणबुड्याला आठवलं. त्या खेपेला वर येताना त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. त्याला वाटलं होतं, आपलाच श्वास कमी पडला. आणि लाज वाटण्याऐवजी त्याला त्या दिवशी चक्क आनंद झाला होता.

"घे खुर्ची," तो म्हणाला. "आणि बशी खाली ठेव, पँट भिजली माझी."

दोरवाला खुर्चीत बसून आठवडा झाला असेल-नसेल, तोच जाळी पुन्हा तुंबली. भर सकाळी पंपाचा घसा बसला. पंप बंद झाले. काठावर साहेब उभे, हातात टोपी. दोर धरायला कार्यशाळेतला फिटर आणला होता. मनाने चांगला, बोलायला अघळपघळ. "काही काळजी करू नका, काका," तो दोर हाताला गुंडाळत म्हणाला, "एक हिसका म्हणजे ओढ, बरोबर?"

"दोन म्हणजे ओढ."

"तेच ते."

पाणबुड्या पायऱ्या उतरला. सवयीने वाकला, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. आणि पहिल्यांदाच, बाईंनी सांगितलं होतं म्हणून, त्याने आपल्या शरीराकडे लक्ष देऊन पाहिलं. खरंच. छातीतला ठोका संथ झाला. बोटं गार पडली. जू दिसताच बैल आपण होऊन मान पुढे करतो, तसं ते मुकाट तयार होत होतं. शरीराला कोणी विचारलं नव्हतं. त्यालाही आपल्याला कोणी विचारावं असं वाटत नव्हतं. इतकी वर्षं पाणबुड्या वाट बघत होता की एक दिवस हे शरीर थांबेल, आपल्या वतीने साहेबांना नाही म्हणेल. ते कधीच म्हणणार नव्हतं. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. ते काम तोंडाचं होतं.

"काय झालं?" वरून साहेब.

पाणबुड्याने कमरेचा दोर सोडला. "मी उतरत नाही, साहेब."

"बरं वाटत नाहीये का? परवाच तर फिट निघालास तू. पहिला नंबर!"

"शरीर फिट आहे. त्याला विचाराल तर ते आत्ता उतरेल. मी नाही उतरणार."

साहेबांना हे काही उमगलं नाही. त्यांनी फिटरकडे पाहिलं. फिटरने दोराकडे पाहिलं.

"म्हणजे तू आणि तुझं शरीर काय वेगवेगळे राहता का रे?"

"बरीच वर्षं झाली, साहेब."

फिटर फस्सकन हसला आणि साहेबांचा चेहरा बघून खोकला. साहेब चिडले, ओरडले. शहराला पाणी कोण देणार, लोक दारात येतील, वरून विचारणा होईल, तुझ्यावर लेखी कारवाई होईल. पाणबुड्या सगळं ऐकत पायऱ्या चढून वर आला.

"करा कारवाई," तो म्हणाला. "मी दमलोय. हे आधीच सांगायला हवं होतं, माझी चूक झाली. पण मी आता खाली जाणार नाही."

साहेब कपाळ पुसत, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, मग मी काय करू? तूच सांग."

"जाळी वर उचलता येते ना? साखळी लावून? मागे एकदा बोलणं निघालं होतं."

"निघालं होतं," साहेब म्हणाले. "पण तू होतास. त्यामुळे कधी गरजच पडली नाही."

हे ते सहज बोलून गेले.

दुपारी क्रेन आली. रस्त्याच्या कामावरची, भाड्याची, चिखलाने माखलेली. शहरात तोवर ओरड सुरू झाली होती आणि साहेबांचा फोन कानापासून सुटत नव्हता. जाळीला जोडलेल्या लांब सळयांच्या कड्या पाण्याच्या जरा वरच होत्या. फिटरने त्यांत साखळी अडकवली, गंज खरवडला, चार शिव्या दिल्या. क्रेनने हिसका दिला आणि जाळी खाचेतून सरसर वर आली. शेवाळाच्या जटा, पोती, फांद्या, एक लहान मुलाची सायकल, सगळं उन्हात लोंबकळू लागलं आणि त्यातून धो धो पाणी गळायला लागलं. दोघा मजुरांनी लांब आकड्यांनी ते ओरबाडलं. चहा होईपर्यंत जाळी साफ होऊन पुन्हा खाचेत बसलीसुद्धा. पंपघरातून दोरवाल्याने खिडकीतून हात हलवला आणि कळ दाबली. पंप घसा साफ करून गरजू लागले.

"हे तर फारच सोपं निघालं," साहेब म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं, म्हणून ते सगळ्यांकडे बघून म्हणाले.

पाणबुड्या काठावरच्या भिंतीच्या सावलीत बसला होता. त्याने ती जाळी आज पहिल्यांदा उजेडात पाहिली. हाताने चाचपून त्याला ती केवढी तरी मोठी वाटायची. तशी ती बेताचीच होती. इतकी वर्षं. तो हिशेब करणार होता, पण सुरुवात करायच्या आधीच कंटाळला.

साहेब जवळ आले. राग ओसरला होता, पण तो पुरता गेलाय असं दाखवायची त्यांची तयारी नव्हती. "कारवाईचं बघतो मी काय ते. पण उद्यापासून तू करणार काय? खुर्ची तर गेली."

"काहीतरी द्या वरचं. साखळी धरायचं, आकडा मारायचं. कोरडं असलं म्हणजे झालं."

"उद्या सकाळी ये मग. बोलू."

"उद्या येतो," पाणबुड्या म्हणाला. त्याने चपला काढल्या, भिजलेला आकडा बाजूला सारला आणि भिंतीशेजारी सरळ आडवा झाला. "पण आत्ता मला कोणी उठवू नका, साहेब. पाणी आलं काय, नाही आलं काय."